रक्तात लोह आहे, मग चुंबकाला का चिकटत नाही?

पिपेटवाली

चुंबकीय गादीच्या धाग्यावर शंभरी होत आली आणि गाडी अजून तिथेच अडली आहे: "रक्तात लोह असतं, चुंबक ते खेचतो, म्हणून रक्ताभिसरण सुधारतं." तिथे लिहिलं तर वाहून जाईल, म्हणून वेगळा धागा काढतेय. गादीवाल्यांशी माझं काही भांडण नाही (आहे, पण ते तिकडे). मला सांगायचंय ते वेगळंच. चुंबकाने रक्तातल्या पेशी खरोखर ओढून घेता येतात, माझं पोट त्यावर चालतं, आणि त्याचा रक्तातल्या लोहाशी जवळजवळ काही संबंध नाही.

आधी लोहाचं उरकते. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह, त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू, तेही एकमेकांपासून लांब, हीम नावाच्या छोट्या रेणूच्या चौकटीत एकेकटे जखडलेले. खिळा चुंबकाला चिकटतो तो त्यातले असंख्य अणू एकजुटीने एका दिशेला वळतात म्हणून. इथे ती एकजूटच नाही. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरियेल यांनी १९३६ सालीच मोजून ठेवलंय: ऑक्सिजन धरलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून किंचित दूर ढकललं जातं, ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं. किंचित म्हणजे किती, तर १.५ किंवा ३ टेस्लाच्या एमआरआय यंत्रात आख्खा माणूस सरकवला तरी त्याचं रक्त एका बाजूला गोळा होत नाही.

मग आम्ही काय करतो? पेशीला बाहेरून लोह चिकटवतो.

समजा, रक्तातल्या फक्त सीडी४ टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, ज्यांच्यावर सीडी४ नावाचं प्रथिन असतं) हव्यात. रक्त फायकॉल नावाच्या जड द्रावणावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूज केलं की लाल पेशी तळाला जातात आणि मध्ये पांढऱ्या पेशींची पांढुरकी, ढगाळ कडी तयार होते. ती पिपेटने उचलायची, धुवायची, पेशी मोजायच्या. दर एक कोटी पेशींना ८० मायक्रोलिटर बफर आणि २० मायक्रोलिटर मणी. हे मणी जेमतेम ५० नॅनोमीटरचे: आत आयर्न ऑक्साइड, वर डेक्स्ट्रान, त्यावर सीडी४ ओळखून त्यालाच चिकटणारी अँटिबॉडी (प्रतिपिंड). फ्रिजमध्ये पंधरा मिनिटं. मग धुऊन कॉलमवर घालायचं. कॉलम म्हणजे प्लास्टिकची बोटभर नळी, आत लोखंडी गोळ्यांचा थर, आणि ती नळी जाडजूड चुंबकाच्या खाचेत बसवलेली. थेंब थेंब खाली पडत राहतो. मणी लागलेल्या पेशी आत अडकतात, बाकीच्या खालच्या ट्यूबमध्ये उतरतात. तीनदा धुतलं की कॉलम चुंबकातून काढायचा, नव्या ट्यूबवर धरायचा, बफर ओतायचा आणि दट्ट्या दाबायचा. फस्सकन पेशी बाहेर.

नवीन पोरांनी घोकून ठेवण्यासारखं: बफरमधली हवा आधी काढून घ्या. हवा तशीच राहिली की गोळ्यांमध्ये बुडबुडे धरतात, थेंब थांबतो आणि मग कॉलमकडे बघत बसा. आणि पेशींचे गठ्ठे ३० मायक्रॉनच्या जाळीतून गाळल्याशिवाय वर ओतू नका.

आता मुद्दा. एवढं झाल्यावर आम्ही सगळेच "चुंबकाने सीडी४ पेशी निवडल्या" म्हणतो. चुंबकाने काहीही निवडलेलं नसतं. निवड त्या फ्रिजमधल्या पंधरा मिनिटांत अँटिबॉडीने केलेली असते. चुंबक फक्त दिलेलं धरून ठेवतो. माणसाच्या मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींवरही थोडं सीडी४ असतं. ते तुम्हाला नको असतील, पण अँटिबॉडी बसली की चुंबक त्यांनाही तेवढ्याच निष्ठेने धरणार. तेव्हा "चुंबकीय" असा शब्द कुठल्याही तपासणीच्या किंवा उपचाराच्या जाहिरातीत दिसला की पहिला प्रश्न: लेबल कशाचं लावलंय?

कट्टेकरी

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत वाचेन.

खडूस_मास्तर

छान. भौतिकशास्त्राच्या बाजूने थोडी भर.

चुंबक कितीही ताकदवान असला तरी त्याचं क्षेत्र सगळीकडे सारखं असेल तर कण ओढला जात नाही. फार तर वळेल. ओढायला क्षेत्र इथे जास्त, तिथे कमी असा उतार लागतो, आणि उतार जितका तीव्र तितकी ओढ जास्त. एमआरआयच्या बोगद्यात मधोमध क्षेत्र मुद्दाम एकसारखं ठेवलेलं असतं. ऑक्सिजनची नळकांडी उडत येतात ती दाराशी, जिथे क्षेत्र झपाट्याने बदलतं.

कॉलममधल्या गोळ्यांचं कामही हेच. चुंबकाच्या खाचेत त्या स्वतः चुंबकित होतात आणि प्रत्येकीच्या पृष्ठभागालगत, अगदी काही मायक्रॉनमध्ये, क्षेत्र धाडकन बदलतं. पेशी तिथून जाते, म्हणून ५० नॅनोमीटरच्या मण्यांनी भागतं. कॉलमशिवाय नुसता चुंबक ट्यूबला लावून बसलात तर हाती फारसं काही लागणार नाही.

ही युक्ती मुळात जीवशास्त्राची नव्हेच. चिनीमातीच्या धंद्यातली आहे. केओलिन मातीत लोहाचा अंश असला की ती पिवळट दिसते आणि कागदवाले भाव पाडतात. म्हणून साठच्या दशकाच्या शेवटी आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेत मातीचा राडा पोलादी लोकरीतून, जोरदार चुंबकीय क्षेत्रात, सोडायला लागले. मग १९७५ साली मेलव्हिल, पॉल आणि रोथ यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की ऑक्सिजन काढून घेतलेल्या लाल पेशीही, काही न चिकटवता, अशा तारांवर धरता येतात. म्हणजे गादीवाल्यांना हवं असलेलं होतं, पण रक्त शरीराबाहेर काढून, ऑक्सिजन घालवून, बारीक तारांमधून सावकाश सोडल्यावर. ह.घ्या.

ऱ्हाईनकाठी

@पिपेटवाली, तुमच्या त्या कॉलमचं गाव माझ्या घरापासून लोकल ट्रेनच्या अंतरावर आहे. कोलोनच्या शेजारचं बेर्गिश ग्लाडबाख. श्टेफान मिल्टेनी यांनी १९८९ साली कंपनी काढली आणि १९९० साली म्युलर, वाइखेल, राडब्रुख यांच्याबरोबर 'सायटोमेट्री'त निबंध छापला. त्यातलं 'मॅक्स' हे चुंबकाने पेशी वेगळ्या करण्याच्या पद्धतीचं नाव आता झेरॉक्ससारखं झालंय, यंत्र कुणाचंही असो.

तिरसट_तात्या

सगळं खरं. पण पेशी सात-आठ मायक्रॉनची आणि मणी ५० नॅनोमीटरचा, म्हणजे व्यासात दीडशेपट फरक. मोठा मणी का नाही वापरत? उगाच कॉलम विकायला?

पिपेटवाली

@तात्या, मोठे मणीही आहेत आणि ते कॉलमवाल्यांच्या आधीचे. नॉर्वेत ट्रोनहाइमला जॉन उगेलस्टाड नावाचे प्राध्यापक होते. अगदी एकाच आकाराचे प्लास्टिकचे सूक्ष्म मणी पृथ्वीवर नीट बनत नाहीत, गुरुत्वाकर्षण आड येतं, अंतराळात बनवावे लागतील, असा तेव्हा समज होता. नासाने पुढे स्पेस शटलमध्ये खरंच बनवले. या गृहस्थांनी सत्तरच्या दशकात ते ट्रोनहाइमला बसून केले. मग त्या मण्यांच्या छिद्रांत आयर्न ऑक्साइड भरलं. तेच डायनाबीड्स, ४.५ आणि २.८ मायक्रॉनचे.

त्यांचं पहिलं नाव झालं ते लहान मुलांच्या कर्करोगात. न्यूरोब्लास्टोमाच्या मुलांना जबर केमो द्यायची, त्यात अस्थिमज्जा मरते, म्हणून त्यांचीच मज्जा आधी काढून ठेवून नंतर परत द्यायची. पण त्या मज्जेत कर्कपेशी लपलेल्या असतात. लंडनमध्ये केमशेड आणि सहकाऱ्यांनी अशा मज्जेतल्या कर्कपेशींना अँटिबॉडीच्या साहाय्याने हे मणी लावून चुंबकाने बाहेर काढलं. १९८४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलं.

मोठ्या मण्यांना कॉलम लागत नाही. ट्यूब चुंबकाला टेकवली की मिनिटा-दोन मिनिटांत भिंतीवर तपकिरी पट्टा जमतो, पाणी नितळ होतं. हौसेने बघण्यासारखं असतं. पण पेशीला चार-पाच असे धोंडे लटकलेले. पुढे फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावर) घालायच्या तर ते सोडवावे लागतात. ५० नॅनोमीटरवाले तसेच राहिले तरी चालतं. कामाप्रमाणे मणी. कॉलम महाग आहे यात मात्र वाद नाही. एकदाच वापरायचा असतो, आणि तो धुऊन पुन्हा वापरणाऱ्या लॅब मला माहीत आहेत. नावं विचारू नका.

आणि दोन्ही प्रकारांत लोहाचे कण इतके बारीक असतात की चुंबक काढल्यावर त्यांचं चुंबकत्व उरत नाही. उरलं असतं तर मणी एकमेकांना चिकटून पेशींचा लाडू झाला असता.

माजघर

आम्हा सामान्यांसाठी एक शंका. तांदूळ निवडताना आपण खडे वेचून टाकतो, तांदळाचा एकेक दाणा उचलत नाही. इथे हव्या असलेल्या पेशीलाच मणी का लावायचा? नको त्यांना लावावा.

पिपेटवाली

ताई, तुम्ही अख्खी दुसरी पद्धत सांगितलीत! तिला निगेटिव्ह सिलेक्शन म्हणतात. सीडी४ पेशी हव्या असतील तर सीडी८, सीडी१४, सीडी१९, सीडी५६ अशा खुणा असलेल्या बाकी सगळ्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडींचं मिश्रण घालायचं. नको त्या कॉलममध्ये अडकतात आणि आपल्या पेशी कुणाचा हात न लागता खाली येतात. पेशीवरच्या रेणूला अँटिबॉडी चिकटली की कधी कधी पेशी त्याला इशारा समजून कामाला लागते. ते टाळायचं असेल तर हीच पद्धत बरी. तोटा असा की मिश्रणात ज्यांचा विचार केलेला नाही त्या पेशीही सुटून तुमच्यात येतात. शुद्धता हवी तर पहिली, अस्पर्श पेशी हव्या तर दुसरी.

रानजाई

मी गडचिरोलीकडे आरोग्यसेवेत आहे. इकडे हिवताप म्हणजे मुख्यतः फाल्सिपॅरम जातीच्या परजीवीचा. परजीवी लाल पेशीतलं हिमोग्लोबिन खातो हे शिकलोय. मग त्या पेशीतल्या लोहाचं काय होतं? ती तरी ओढली जाते का?

हिमोझोइन

हा माझा प्रांत, सदस्यनामावरून कळलंच असेल. :)

हो, ओढली जाते! आणि तीही कुठलाही मणी न लावता.

परजीवी हिमोग्लोबिन पचवतो, पण सुटं झालेलं हीम त्यालाच विषारी. म्हणून तो त्याचे स्फटिक बांधून पोटात ठेवतो. तेच हिमोझोइन, स्लाइडवर दिसणारं काळपट-तपकिरी रंगद्रव्य. (क्लोरोक्विन हे स्फटिक बांधणंच अडवतं.) त्यातल्या लोहाची अवस्था अशी की ते ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनपेक्षा चुंबकाला कितीतरी जास्त दाद देतं. रोनाल्ड रॉसने २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटाच्या भिंतीत जे काळे ठिपके पाहिले आणि ज्यावरून त्याला धागा सापडला, ते हेच रंगद्रव्य.

प्रयोगशाळेत आम्ही कल्चर (रक्तात वाढवलेले परजीवी) तोच कॉलम वापरून, मणी न घालता, सोडतो. पिकलेले ट्रोफोझोइट आणि शायझॉन्ट (परजीवीच्या वाढीचे पुढचे टप्पे) आत थांबतात, निरोगी लाल पेशी आणि कोवळ्या रिंग (सुरुवातीचा टप्पा) वाहून जातात. दुसरी सोय सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाच्या द्रावणाची: त्यात पिकलेले फुटतात आणि रिंग उरतात. एकाच वयाचे परजीवी हवे असतील तर दोन्ही आलटून पालटून वापरायचं. गॅमेटोसाइटही (डासात जाणारं रूप) कॉलमवर छान धरले जातात.

पण रानजाई, तुमच्या पुढचा प्रश्न ओळखून सांगतो: यावरून पाड्यावर निदान करायचं म्हटलं तर अडचण आहे. फाल्सिपॅरममध्ये बोटाच्या रक्तात बहुतेक रिंगच सापडतात, पिकलेले केशवाहिन्यांच्या भिंतींना धरून बसलेले असतात. रिंगमध्ये स्फटिक जेमतेम. म्हणजे ज्याला चुंबक धरू शकतो तो रक्तात फिरत नाही आणि जो फिरतो त्याला चुंबक धरत नाही. तुमची स्लाइड आणि आरडीटीची झटपट पट्टीच बरी.

रानजाई

इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद!

खडूस_मास्तर

अवांतर: स्वतःचा चुंबक घेऊन फिरणारे जिवाणूही आहेत. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ साली 'सायन्स'मध्ये वर्णन केले. पोटात मॅग्नेटाइटच्या स्फटिकांची माळ असते आणि ते पृथ्वीच्या क्षेत्राच्या रेषेवर पोहतात. डबक्यातला गाळ बरणीत ठेवा, बाजूला साधा चुंबक लावा, तासाभराने त्या जागेचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. मात्र इथे चुंबक जिवाणूला ओढत नाही, नुसती दिशा देतो. पोहत तो स्वतः येतो.

डॉक_दादर

धागा वाचनखुणेत टाकला. रुग्णांच्या बाजूने दोन गोष्टी.

एक, रक्तात फिरणाऱ्या कर्कपेशी. सेलसर्च नावाच्या तपासणीला २००४ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ७.५ मिलिलिटर रक्त घेतात. त्यात लाल पेशी साडेतीन हजार कोटींच्या पुढे, पांढऱ्या काही कोटी, आणि पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगात पाच किंवा जास्त कर्कपेशी सापडल्या तर पुढचं चित्र वाईट. पाच! एवढ्या गर्दीतून चार-पाच पेशी बाहेर काढायच्या हे सोपं काम नाही. लेबल आहे एपकॅम या प्रथिनाचं. आणि पिपेटवाली म्हणतात तीच मेख इथे आहे: कर्कपेशी पसरायला निघते तेव्हा बऱ्याचदा एपकॅम कमी करते. जी सगळ्यात धोकादायक तीच निसटायची शक्यता जास्त.

शिवाय आकडा कळला म्हणून उपाय हाती येतोच असं नाही. अमेरिकेतल्या स्वॉग एस०५०० चाचणीत केमोच्या पहिल्या फेरीनंतरही पेशी पाचाच्या खाली न आलेल्या स्त्रियांची केमो लगेच बदलून पाहिली. आयुष्य वाढलं नाही. २०१४ साली निकाल आला. त्यामुळे कुणी "रक्ताच्या थेंबात कर्करोग पकडतो" म्हणून पॅकेज विकत असेल तर तपासणी कोणत्या रुग्णांवर, कशासाठी पारखलेली आहे ते विचारा.

दोन, कार-टी, म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशींत कर्कपेशी ओळखणारं जनुक (कार) घालून त्या परत द्यायचा उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या नेक्सकार१९ला ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याकडे परवानगी मिळाली. ही उपचारपद्धती ज्यावर उभी राहिली त्या पेनसिल्व्हेनियाच्या कामात टी-पेशी वेगळ्या करायला आणि जाग्या करायला सीडी३-सीडी२८ अँटिबॉडी लावलेले चुंबकीय मणीच होते. पेशी वाढल्या की चुंबकाने मणी काढून मगच रुग्णाला देतात.

तिथलीच एक केस २०१८ साली 'नेचर मेडिसिन'मध्ये आली. विशीतल्या एका ल्युकेमियाच्या रुग्णाच्या टी-पेशींबरोबर एक ल्युकेमियाची पेशी चुकून राहून गेली. एकच. कार-जनुक टी-पेशींबरोबर तिच्यातही शिरलं. त्यामुळे तिच्यावरचं सीडी१९, म्हणजे ज्या खुणेवरून नव्या टी-पेशी कर्कपेशी ओळखतात तीच खूण, झाकलं गेलं, आणि त्यांना ती दिसेना. आजार परतला तो त्या एका पेशीच्या वंशाचा. रुग्ण वाचला नाही. "९९ टक्के शुद्ध" ऐकलं की मला ही केस आठवते.

तिरसट_तात्या

बाप रे. तेव्हापासून शंभर टक्के का करत नाहीत?

पिपेटवाली

कारण शुद्धता वाढवायला गेलं की हाताशी येणाऱ्या पेशी कमी होतात. दुसऱ्यांदा कॉलमवर घातलं की थोडा कचरा जातो आणि थोडा मालही. आधीच केमोने खंगलेल्या रुग्णाकडे टी-पेशी मोजक्या असतात. शिवाय कोट्यवधींमध्ये एक नको असलेली पेशी आहे की नाही हे मोजायलाही तेवढं बारीक यंत्र लागतं. म्हणून सांगते, खाली उतरलेला भाग लगेच बेसिनमध्ये ओतू नका. तोही मोजा. किती निसटलं ते त्यातच कळतं.

नवी_सदस्य_२२

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. चुकीच्या धाग्यावर असेल तर माफ करा. आमची आयव्हीएफची दुसरी फेरी सुरू होतेय. क्लिनिकने यंदा "मॅग्नेटिक स्पर्म सॉर्टिंग" घ्याच म्हणून सांगितलं, बिल वेगळं. काय आहे विचारलं तर "चांगले शुक्राणू चुंबकाने निवडतो" एवढंच उत्तर. मिस्टर म्हणतात घेऊन टाकू. मला काही सुचत नाहीये.

पिपेटवाली

माफी कसली, अगदी योग्य धागा आहे.

तंत्र खरं आहे. इथे लेबल आहे अ‍ॅनेक्सिन व्ही. पेशी मरणाच्या वाटेला लागली की एरवी पटलाच्या आतल्या बाजूला असणारं फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेर येतं, आणि अ‍ॅनेक्सिन त्याला चिकटतं. म्हणजे चुंबक चांगले शुक्राणू निवडत नाही. मरू घातलेले अडवतो आणि उरलेले तुम्हाला देतो. वर माजघर ताईंनी सांगितलेली तांदळाची पद्धत. उरलेल्यांत डीएनए तुटका असलेला, आकार बिघडलेला एखादा असू शकतो. त्याचं लेबल यात नाही.

डॉक_दादर

पिपेटवाली यांच्या उत्तराला जोडून. शुक्राणू निवडीच्या अशा प्रगत तंत्रांचा कॉक्रेनने (उपचारांचे पुरावे पारखणाऱ्या संस्थेने) २०१९ साली आढावा घेतला. या तंत्राने मूल जन्माला येण्याची शक्यता वाढते असं म्हणण्याइतका चांगला पुरावा त्यांना मिळाला नाही. नुकसान होतं असंही सिद्ध झालेलं नाही. म्हणजे "घ्याच" म्हणण्यासारखं काही नाही.

क्लिनिकमध्ये तीन गोष्टी विचारा. यजमानांचा डीएनए फ्रॅगमेंटेशनचा रिपोर्ट काढलाय का, आणि तो जास्त आलाय का? मागच्या फेरीत गर्भ कुठल्या टप्प्यावर थांबले? शुक्राणूंची संख्या मुळातच कमी असेल तर कॉलममध्ये आणखी किती वाया जातील? या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली तर विचार करा. नुसतं "चांगले निवडतो" म्हणाले तर ते पैसे पुढच्या औषधांसाठी बाजूला ठेवा.

नवी_सदस्य_२२

संख्या कमीच आहे हो, म्हणूनच इक्सी (एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडतात ते) करतोय. वाया जाण्याचं कुणी बोललंच नव्हतं. गुरुवारी अपॉइंटमेंट आहे, विचारते.

माजघर

शुभेच्छा गं. रिपोर्टच्या सगळ्या प्रती स्वतःकडे ठेव.